एसी पांढरी पाचमध्ये घुमायचा

मस्कतमधल्या रुवीतल्या आमच्या घरात खोल्या दोन आणि एसी एकच. त्यामुळे आम्ही तिघं जेवायचो, भांडायचो, रोजरी म्हणायचो आणि झोपायचो ते सगळं एसीच्या खोलीत. दुसऱ्या खोलीत फक्त कपाटं आणि वसईहून आणलेले आईचे सुके बोंबील राहायचे, आणि बोंबलांची तक्रार नव्हती. एसी म्हणजे खिडकीत बसवलेलं एक धूड. सुरू करताना धप्प असा आवाज व्हायचा, काच थरथरायची, आणि मग ‘म्म्म्म’ असा जो सूर लागायचा तो उन्हाळा संपेपर्यंत. नवे पाहुणे दचकायचे. आई म्हणायची, “बसा हो, चावत नाही तो.” त्या सुराखाली आम्हाला एकमेकांशी जरा ओरडूनच बोलावं लागे. पुढे युरोपातल्या नाट्यगृहांत शेवटच्या रांगेपर्यंत माझा आवाज कसा पोचतो, असं लोक विचारायचे. मी काहीतरी श्वासाबिसाचं सांगायचो. खरं कारण असं की आमच्या घरात मीठ मागायचं तरी पोटातून आवाज काढावा लागत असे.

पप्पा कंपनीची बस चालवायचे. पहाटे कामगारांच्या खोल्यांवर जायचं, माणसं भरायची, रुसैलच्या कारखान्यांच्या दारात उतरवायची, संध्याकाळी परत आणायची. “यल्ला, यल्ला”, चला चला, हे त्यांचं सकाळचं पहिलं वाक्य. ते शुक्रवारीसुद्धा तोंडातून निघायचं आणि आई उशी फेकून मारायची. कारण इथं सुट्टी शुक्रवारची, म्हणून शुक्रवार हा आमचा रविवार. त्या दिवशी चर्चमधली मिस्सा, आणि मिस्सेत पप्पा गाणाऱ्यांच्या क्वायरच्या मागच्या रांगेत बास. पुरुषांच्या आवाजात सगळ्यात वरचा तो टेनर आणि सगळ्यात खालचा तो बास, एवढं समजलं की माझ्या घरचा सगळा तिढा समजेल. आमच्या घराण्यात आजोबा बास, चुलते बास, मावशीचा नवरा घरात आला तोही बास. पप्पांचं म्हणणं असं, की बास म्हणजे घराचा पाया, टेनर म्हणजे कौलावरचा कोंबडा. मला आवाज फुटला तो नेमका कोंबड्याचा. पप्पांनी दोन वर्षं वाट पाहिली, की उतरेल, उतरेल. उतरला नाही, तेव्हा एका शुक्रवारी त्यांनी मला खांद्याला धरून पुढच्या रांगेत नेऊन उभं केलं आणि स्वतः मागे जाऊन एखाद्या मुलीची पाठवणी केल्यासारखे उभे राहिले.

शुक्रवारचं जेवण ही वेगळीच गोष्ट. पप्पा मिस्सेच्या आधी मत्राच्या मासळी बाजारात जाऊन यायचे. आई सुरमईला आपला बाटलीतला मसाला लावायची आणि कालवणात चिंचेऐवजी इथलं काळं सुकं लिंबू टाकायची. वसईला हे कळलं असतं तर तिला वाळीत टाकलं असतं. चवीला काय व्हायचं ते मात्र विचारू नका. आज मस्कतजवळ अल अमेरातला माझ्या लेकीकडे राहतो, तिच्या स्वयंपाकघरात सगळी यंत्रं आहेत, मासे साफ होऊन पिशवीत येतात. पण ते कालवण जमत नाही. लेक म्हणते, “डॅडी, यू आर जस्ट… ते काय म्हणतात… हळवे.” तिला शब्द सापडला की मला फार आनंद होतो, म्हणून मी वाद घालत नाही.

तर त्या कालवणाला दर शुक्रवारी हजर असायचे ते गावडेमामा. हे कुडाळकडचे, एसी दुरुस्त करणारे, कंपनीच्या खोलीत राहायचे. बायको-मुलं गावाला. मुलखातून येताना माणसं लोणचं-पापड आणतात, मामांनी पेटी आणली होती, भजनाची. खोलीतले सोबती रात्रपाळीचे, दिवसा झोपणारे, म्हणून पेटी आमच्या घरी असायची. जेवण झालं की मामा भाता उघडायचे आणि मला म्हणायचे, “बस्त्याव, तुमचो एसी पांढरी पाचमदी घुमता रे.” आणि ती पट्टी दाबून दाखवायचे. खरंच, पेटीची पांढरी पाच आणि आमच्या एसीचा ‘म्म्म’ एकमेकांत असे मिसळायचे की भाता कधी थांबला ते कळायचं नाही. मला त्यात काही विशेष वाटत नसे. लोकांच्या घरात तुळस असते, देव्हारा असतो, तसा आमच्याकडे सूर होता, बस.

चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या त्या डोरोथीबाई. नवरा तेलकंपनीत, घर कुरुमला समुद्राजवळ, घरात पियानो. त्यांनी मला धरलं. दर बुधवारी बोलवायच्या आणि ऑपेरातली गाणी शिकवायच्या. ऑपेरा म्हणजे काय, तर सगळं नाटक गाण्यात. माणूस मरतानासुद्धा गातो, आणि चांगला दहा मिनिटं गातो. गावडेमामांना हे सांगितलं तर म्हणाले, “मगे आमच्या दशावतारात काय वेगळा असता?” एका बुधवारी बाईंनी सांगितलं, की इटलीतले एक मोठे शिक्षक ओळखीच्यांकडे येणार आहेत आणि ते इथं येऊन तुझं गाणं ऐकतील. आवडलं तर आपल्या शाळेत घेतील, शिकणं-राहणं शाळेकडे. नाही आवडलं तर नाही.

आता इथं माझी काय अडचण होती ते सांगायला हवं. मला एकविसावं सरत आलं होतं. तेवढं वय झालं की मुलाचं नाव बापाच्या व्हिसावरून उतरतं. मग एकतर स्वतःची नोकरी, नाहीतर वसईचं विमान. पप्पांनी आधीच तजवीज करून ठेवली होती. ज्या कारखान्याची माणसं ते नेत-आणत, तिथल्या गोदामात माझी जागा सांगून ठेवली होती. “अर्बाबला शब्द दिलाय,” पप्पा कारखान्याच्या मालकाबद्दल म्हणाले. “गाणं देवासाठी, पोटासाठी रुसैल. इतकी वर्षं गातोय, मला कुठं इटलीला जावं लागलं?” पण शिक्षक येणार त्या शुक्रवारपर्यंत त्यांनी अर्बाबला थांबवलं. तेवढंच. आवडलं तर इटली, नाही आवडलं तर शनिवारी सकाळी पप्पांच्याच बसमध्ये बसायचं.

त्या शिक्षकांची परीक्षा घ्यायची एक रीत होती. ती बाईंनी मला आधीच सांगितली. ते स्वतः पियानो वाजवत आणि गाणं मध्यावर आलं की हात उचलून घेत. गाणाऱ्यानं एकट्यानं पुढं जायचं, शेवटपर्यंत. गाणं संपलं की ते एक पट्टी दाबून बघत, गडी जिथं पोचायला हवा तिथं पोचलाय की वाटेत घसरलाय. बाईंकडे मी घसरायचो. थोडासा, पण घसरायचो. त्यांचा चेहरा पडायचा. “इथं तू कशाची तरी वाट बघत गातोस,” त्या म्हणायच्या. मला कळायचं नाही. कारण घरी मी एकदाही घसरत नव्हतो. घरी आम्ही तीच रीत लावली होती. बाईंनी पियानो भरून दिलेली कॅसेट लावायची, मध्यावर आईनं मासे कापताना कोपरानं बटण दाबायचं, मी पुढं गात राहायचो आणि शेवटी गावडेमामा पेटीवर पट्टी दाबायचे. चोख! दर खेपेला चोख. मामा मांडीवर थाप मारून म्हणायचे, “खलास!” म्हणजे इथल्या भाषेत झालं काम, “इटली आपली.” आई म्हणायची, बाईंच्या घरी लाजतो तो. मलाही तेच वाटे.

शेवटच्या बुधवारी मी कुरुमहून घरी आलो, दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबलो. घरात कोणीतरी गेल्यासारखी शांतता. आई हसत उभी, पप्पा खुर्चीत ताठ बसलेले, गावडेमामा हात पुसताहेत. एसी चालू होता, गार वारा येत होता आणि आवाज नाही. चकार शब्द नाही. “कसं वाटतं?” पप्पांनी विचारलं. “मीच सांगितलं गावडेंना. पोराला परीक्षेच्या आधी दोन दिवस जरा शांतपणे गाऊ दे म्हटलं. रबराच्या पट्ट्या घातल्यात चारी बाजूंनी.” मी इतका खूश झालो की सांगता येत नाही, एसीवर नव्हे, पप्पांवर. तोवर मला वाटत होतं, की मी नापास व्हावं म्हणून ते आतून मेणबत्ती लावत असतील.

मग गायला उभा राहिलो. आईनं बटण दाबलं. मी पुढं गेलो. मामांनी पट्टी दाबली आणि पेटी एकीकडे, मी दुसरीकडे. “परत,” मामा म्हणाले. परत तेच. तिसऱ्यांदा तर शेवटच्या उंच सुरावर माझा गळा असा फाटला की खाली दुकानातल्या शिंप्यानं मशीन थांबवलं. मी त्या गप्प एसीकडे बघितलं आणि एकदम डोक्यात उजेड पडला. “पप्पा, तुम्ही माझा सूर काढून टाकलात!” मी ओरडलो. इतकी वर्षं मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालत होतो. कळलंच नव्हतं मला, कारण तो कधी हललाच नव्हता.

पप्पांचा चेहरा असा उतरला की मला माझीच जीभ चावावीशी वाटली. गावडेमामा तर रडायच्या बेताला आले. “माका काय म्हायती रे झिला? तुझ्या बापाशीन सांगल्यान आवाज बंद कर, मी बंद केलंय. थांब, होतो तसो करतंय.” असं म्हणून त्यांनी रबरं ओढून काढली. एसी सुरू झाला, पण आता तो खडखडायला लागला. मामांनी एक स्क्रू पिळला, तो शिट्टी वाजवू लागला. पुठ्ठा घातला, पाणी गळू लागलं. आयुष्यभर एसी दुरुस्त केलेला माणूस, पण बिघडवायचा कसा हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आई खाली बादली ठेवत म्हणाली, “देवबापा! आता गाणं राहू दे, घरात पूर येतोय.” आणि अशा वेळी, मी आयुष्यात कधी विसरणार नाही, आम्ही चौघंही हसायला लागलो. मी मध्येच रडत होतो, पण हसतही होतो.

हसणं ओसरलं तेव्हा खोलीत एसीचा आवाज आला. तोच, जुना. मी खिडकीकडे वळलो तर एसी बंद. मामांनी तर त्याचं बटण कधीच फिरवलं होतं. आवाज पप्पांचा होता. चहाची कपबशी हातात, डोळे जमिनीकडे, ओठ मिटलेले आणि ‘म्म्म्म’. मामांनी हळूच पेटीची पट्टी दाबली. पांढरी पाच. “कसं जमलं?” मी विचारलं. पप्पा म्हणाले, “अरे, लग्नानंतर जेवढा तुझ्या आईच्या शेजारी झोपलो तेवढाच याच्याखाली झोपलोय. मला नाही येणार तर कोणाला?” मग ते घुमले आणि मी गायलो. चोख.

पुढचा बेत पप्पांचा. शुक्रवारी त्यांनी बस डोरोथीबाईंच्या खिडकीखाली लावायची, मी खिडकी उघडी ठेवायची, शिक्षकांनी पियानोवरून हात उचलले की यांनी खाली घुमायचं. आई कडाडली, “बापलेक मिळून लबाडी करता? फादरना काय सांगाल?” पप्पा शांतपणे म्हणाले, “लबाडी कसली? तो मास्तर पियानो बंद करणार म्हणालाय. एसी बंद करणार असं कुठं म्हणालाय?” आईनं मग नारळाच्या वड्या जास्त केल्या आणि शिक्षकांसाठी डबा भरून दिला, म्हणजे पाप थोडं हलकं होईल.

शुक्रवारी मिस्सा आटोपून आम्ही निघालो. एवढ्या मोठ्या बसमध्ये मी एकटा, आणि डबा. पप्पा पूर्ण रस्ताभर सूर धरून होते, गिअर बदलतानासुद्धा सोडला नाही. कुरुमला त्यांनी बस बरोबर खिडकीखाली उभी केली आणि मला म्हणाले, “जा. मी आहे खाली.” शिक्षक म्हणजे गोल, बुटके गृहस्थ, त्या उकाड्यात कोटाच्या आत आणखी एक कोट. मी खिडकी उघडली. बाई म्हणाल्या, “अरे, गरम हवा येईल.” मी म्हटलं, “समुद्राचा वारा चांगला असतो.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या, कारण वारा कसला, भट्टी होती ती.

गाणं सुरू झालं. गाणं एका प्रेमात पडलेल्या तरुणाचं, तो एका मुलीच्या घराखाली उभा आहे आणि वर जायची हिंमत होत नाही. मध्य आला. शिक्षकांनी हात उचलले आणि ते मांडीवर ठेवून डोळे मिटले. मी कान खिडकीकडे लावले, आणि खालून, अगदी बारीक, आलाच. ‘म्म्म्म.’ पप्पा! मी त्या सुरावर पाय रोवले आणि चालू लागलो. उंच सूर आला तेव्हा तर असं वाटलं, की मागच्या रांगेत घराण्यातले सगळे बास उभे आहेत आणि मला वर उचलून धरताहेत. गाणं संपलं. शिक्षकांनी एक बोट पुढं केलं आणि पट्टी दाबली. मग पुन्हा दाबली. पियानो आणि मी एकाच ठिकाणी उभे होतो. ते उठले, मला म्हणाले, “सप्टेंबरात ये,” आणि डोरोथीबाईंना म्हणाले, “तो डबा मघापासून घमघमतोय, उघडा ना.” बाईंनी डोळे पुसले आणि डबा उघडला.

एवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि पप्पा दारात. शर्ट घामानं चिकटलेला, धाप लागलेली. “बस्त्याव, थांब! सुरू करू नको! बाहेरच्या राखणदारानं बस काढायला लावली. पार समुद्राकडे लावून आलो, पळत आलो. आता उभा राहतो खाली. तू सुरू कर.”

मी म्हटलं, “पप्पा, झालं.”

“काय झालं?”

“गाणं झालं. घेतलं त्यांनी मला.”

पप्पा तिथंच वरच्या पायरीवर मटकन बसले. मग म्हणाले, “मग घुमलं कोण?” मी खिडकीतून खाली डोकावलो. तिथं कोणीच नव्हतं. शिक्षकांना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी येऊन पप्पांच्या हातावर नारळाची वडी ठेवली. पप्पांनी ती खाल्ली, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाले, “अर्बाबला काय सांगू आता? सांगतो, बस्त्याव खलास.”

त्यानंतरचं गाणं-बजावणं हे सगळं लोकांना माहीत आहे, आणि नसलं तर फार बिघडलं नाही. मी काही फार मोठा नट झालो नाही. नायकाचा मित्र, चिठ्ठी घेऊन येणारा, लग्न लावणारा पाद्री, आणि मुख्य टेनरला सर्दी झाली की मग नायक. सर्द्या पुष्कळ झाल्या, देवाची कृपा. एक गंमत सांगतो. युरोपात माझं पहिल्या दिवसापासून बस्तान बसलं, कारण तिथली वीजही आपल्यासारखीच सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, म्हणून तिचा सूरही आपलाच. खोलीतला फ्रिज रात्रभर पांढरी पाचमध्ये घुमायचा आणि मी बाळासारखा झोपायचो. अमेरिकेत मात्र वीज साठ हेलकाव्यांची, तिथले फ्रिज भलत्याच सुरात गातात. तिथं मला कधी करमलं नाही. आता लेकीच्या घरचा एसी भिंतीवर असतो, रिमोटवर चालतो, आवाज म्हणून करत नाही. लेक अभिमानानं सांगते, “सायलेंट आहे, डॅडी.” मी ‘हो का’ म्हणतो.

पण एक शेवटचं लिहिलं पाहिजे. मस्कतला ऑपेरा हाऊस झालं आणि काही वर्षांनी एका मंडळीबरोबर मीही तिथं गायला आलो. ज्या गावात बापाची बस फिरली त्या गावात, त्या संगमरवरात. काम लहानसंच होतं. दुसऱ्या अंकात सगळी वाद्यं थांबतात आणि मी एकटा चार ओळी गातो, नायकाला धीर देतो. वसईहून आई-पप्पांना बोलावून घेतलं होतं. पप्पांना आता कमी ऐकू येत होतं. आईनं त्यांना कोट घालून चौथ्या रांगेत बसवलं आणि दम दिला, की झोपलात तर बघा.

दुसरा अंक आला. वाद्यं थांबली. मी तोंड उघडलं, आणि पहिल्याच ओळीखाली काहीतरी घुमायला लागलं. ‘म्म्म्म.’ वाद्यवृंदाच्या कंडक्टरनं दचकून वर एसीच्या जाळीकडे पाहिलं. पहिल्या रांगेतले, दिश्दाशा हा इथला पायघोळ झगा घातलेले एक गृहस्थ मागं वळले. मी नायकाला धीर देत होतो आणि आतल्या आत हसू दाबत होतो. आईनं पप्पांना चिमटा काढल्याचं मला वरून दिसलं. ते थांबले नाहीत. शेवटच्या शब्दापर्यंत थांबले नाहीत.

खेळ संपल्यावर ते मागे आले, माझा रंगवलेला चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसे मोठ्यानं म्हणाले, “या खेपेला बस हलवायला कोणी सांगितलं नाही.”